माईंनी पुढे केलेला हात

साखळीच्या घरात तेव्हा आम्ही तिघंच होतो. माझे यजमान, मी आणि माझ्या सासूबाई. मुलगी पणजीला वसतिगृहात राहून शिकत होती, महिन्यातून एखाद्या शनिवारी घरी यायची. यजमान एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. सकाळी साडेसहाला त्यांना न्यायला गाडी यायची आणि संध्याकाळी ते परतत तेव्हा कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल धूळ बसलेली असायची. मी गावातल्याच मराठी शाळेत सातवीला शिकवत होते. सासूबाईंना सगळे माई म्हणायचे, मीही. घरात आम्ही कोकणी बोलायचो, त्यातलं बरंचसं मी इथे मराठीत लिहिलंय.

माईंविषयी आधी सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं ते नीट कळणार नाही.

मी पेडण्याकडची, कोरगावची. लग्न होऊन आले तेव्हा माझं शिक्षिकेचं प्रशिक्षण अर्धं राहिलं होतं. सासरी कुणी त्याचा विषयसुद्धा काढला नसता. माईंनी काढला. त्या स्वतः एक अक्षर शिकलेल्या नव्हत्या, पण जमिनीवर पडलेला छापील कागद दिसला तर उचलून कपाळाला लावायच्या. सासऱ्यांना त्यांनी सरळ सांगितलं, "ती शिकतली. घर हांव पळयतां." ती शिकणार, घर त्या बघणार. मुलगी झाल्यावर तीन महिन्यांत मला शाळेत रुजू व्हायचं होतं. मी दारात रडत उभी होते. माईंनी बाळाला खांद्यावर घेतलं आणि म्हणाल्या, "तूं वच गो. हांव आसां मगो." मी निघाले. त्यानंतर बारा-तेरा वर्षं त्यांनी माझा डबा भरला. पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे गरम उंडे पाव आणि सुकी भाजी, कधी आंबोळ्या. शाळेतल्या बाकीच्या शिक्षिका माझ्या डब्याकडे बघत बसायच्या. आईने माझे इतके लाड कधी केले नव्हते.

मग माई विसरू लागल्या. आधी आमटीत दोनदा मीठ पडायचं, तेव्हा आम्ही हसलो. मग त्या मला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागल्या. मग एक दिवस दुपारी कपड्यांचं गाठोडं काखेत मारून निघाल्या. नार्वे हे त्यांचं माहेर. "म्हाका नार्व्याक व्हर. आवय वाट पळयता," हे त्यांचं एकच म्हणणं. त्यांच्या आईला जाऊन चाळीस वर्षं झाली होती. खनिजाचे ट्रक एकामागून एक धावत असायचे त्या रस्त्यावर त्या मधोमध चालत होत्या. सावंतवाडीकडचा एक ट्रकवाला गाडी थांबवून, हाताला धरून त्यांना घरी घेऊन आला. "ह्या आजी तुमच्याच ना?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं.

डॉक्टर म्हणाले, वयामुळे मेंदू थकत चाललाय, यावर औषध नाही, सांभाळायचं. मग मी सांभाळू लागले.

पहाटे साडेचारला उठायचे. स्वयंपाक, माईंची आंघोळ, त्यांच्या अंथरुणाचं धुणं, यजमानांचा डबा. शाळेच्या वेळात शेजारच्या घरची वहिनी, आम्ही तिला वयनी म्हणायचो, माईंजवळ येऊन बसायची. मी परतले की ती आपल्या घरी जायची आणि माई पुन्हा माझ्या अंगावर. म्हापशाला माझी नणंद होती. ती दर फोनला म्हणायची, "आईला थोडे दिवस माझ्याकडे धाड." आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात तिचा फोन यायचा, मी धावत जायचे आणि दर वेळी सांगायचे, "नको, इथे सगळं छान चाललंय."

ते छान नव्हतं. पण लोक माझं कौतुक करत होते. मुख्याध्यापिका स्टाफरूममध्ये म्हणायच्या, "बाईंसारखी सून मिळायला नशीब लागतं." देवळात बायका मला बघून एकमेकींना कोपराने ढोसायच्या. मला ते आवडत होतं. नणंदेला नको म्हणण्यामागे माझी माया किती होती आणि हे कौतुक गमावण्याची भीती किती, हे त्या वेळी मी स्वतःला कधी विचारलं नाही.

पूजा मी करत होते, पण कशी ते सांगते. देवापुढे दिवा लावायचा, तोंडाने स्तोत्र चालू ठेवायचं आणि मध्येच ओरडायचं, "माई, चुलीकडे नको!" पुन्हा स्तोत्र. कुठल्या ओळीवर सोडलं होतं ते आठवायचं नाही, म्हणून शेवटची ओळ म्हणून हात जोडायचे आणि उठायचे. जेवण उभ्याने. कधी दोन घास, कधी नुसता चहा. केस विंचरायला वेळ नाही म्हणून रात्रीचीच वेणी दुसऱ्या दिवशी शाळेत न्यायची.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता अंगाला काहीतरी होऊ लागलं. फळ्यावर लिहिताना छाती धडधडायची. मुलांसमोर उभी असताना नेहमीचा शब्द आठवायचा नाही. एकदा 'क्षेत्रफळ' हा शब्दच सापडेना. मुलं वाट बघत होती. मी नकाशे ठेवायच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि गुंडाळ्या केलेल्या नकाशांना टेकून उभी राहिले. हात थरथरत होते. पाच मिनिटांनी चेहरा पुसून वर्गात आले आणि मुलांना म्हटलं, "खडू संपला होता."

सहामाही परीक्षा झाली. शनिवारची शाळा सकाळची, बाराच्या आत मी घरी आले. सोबत गणिताच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. अर्ध्या तपासून झाल्या होत्या, त्या आदल्या दिवसापासून घरातच मेजावर ठेवलेल्या. उरलेल्या शेजारी ठेवल्या. वयनी गेली. माईंना पेज वाढली, त्या जेवल्या, आणि मी मागच्या अंगणात भांडी घासायला बसले. भांडी घासून आत आले तर मेज रिकामं.

माई न्हाणीघरात होत्या. मोठ्या बाल्दीत सगळ्या उत्तरपत्रिका बुडवलेल्या. त्यावर साबण टाकलेला. माई पाटावर बसून एकेक कागद दोन्ही हातांनी चोळत होत्या, पिळत होत्या आणि लगदा दोरीवर टाकायला बाजूला ठेवत होत्या. ते शाईच्या पेनांचे दिवस होते. बाल्दीतलं पाणी निळं झालं होतं. मला बघून त्या हसल्या. किती दिवसांनी हसल्या होत्या.

"तुझें धुवणें जालें गो," त्या म्हणाल्या.

माझं धुणं त्यांनी केलं होतं. दमलेल्या सुनेला मदत म्हणून. हे आज मला कळतं, त्या क्षणीही कळलं असावं, कारण ती हसरी मुद्रा मी स्पष्ट पाहिली होती. तरी मी आत गेले आणि रजिस्टरवर रेघा ओढायची लाकडी पट्टी घेऊन आले.

"हात पुढे कर," मी म्हटलं.

आम्ही घरात कोकणीत बोलत असू. आणि माईंना मी एकेरी कधीच बोलले नव्हते. हे वाक्य मराठीत आलं, शाळेतल्या आवाजात आलं. रोज वर्गात जसं यायचं तसंच.

आणि माईंनी हात पुढे केला. पाण्याने सुरकुतलेला, बोटांना निळी शाई लागलेला तळवा त्यांनी माझ्यासमोर धरला. एखाद्या शहाण्या मुलीसारखा, सरळ. त्यांना वाटलं असेल की मी काहीतरी देणार आहे. मी तीन वेळा मारलं. पहिल्या फटक्याला त्यांनी हात मागे घेतला नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्यानंतर त्यांनी माझ्याकडे वर बघितलं आणि विचारलं, "चुकलें काय, बाय?"

पट्टी माझ्या हातातून पडली. मी त्यांना उठवलं, हात पुसला, खोबरेल तेल लावलं. त्या थोड्या वेळाने झोपी गेल्या.

मग खोटं बोलणं सुरू झालं. संध्याकाळी यजमानांनी तळव्यावरचे वळ पाहिले. मी म्हटलं, "दारात हात सापडला." ते "सांभाळ" म्हणाले आणि आंघोळीला गेले. सोमवारी मुख्याध्यापिकांना सांगितलं, की घराचं कौल सरकलं होतं, पाणी गळून पेपर भिजले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "तुमच्यावर किती ते ओझं." मुलांनी गणिताची परीक्षा पुन्हा दिली. पहिला येणारा मुलगा दुसऱ्या वेळी तिसरा आला.

माई मात्र विसरल्या नाहीत. त्यांना ती दुपार आठवत नव्हती, हे मला नक्की माहीत आहे, कारण संध्याकाळीच त्यांनी विचारलं होतं, हाताला काय झालं म्हणून. पण त्यांच्या शरीराने ती धरून ठेवली. माझा आवाज जरा चढला, "माई, बसा बघू" एवढंच मी जोरात म्हटलं, की त्यांचा उजवा हात आपोआप पुढे यायचा, तळवा वर. स्वतःच्या मुलासमोर नाही, वयनीसमोर नाही, फक्त माझ्यासमोर. मी तो हात दोन्ही हातांत धरून खाली करायचे. पुढच्या वेळी पुन्हा वर.

मला झोप लागेना. त्याहून वाईट म्हणजे मला माझीच भीती वाटू लागली. घरात आम्ही दोघीच असल्या की मी चिमटा, लाटणं, पळी असलं काही हातात धरायला घाबरायचे. देवापुढे बसवेना. दिवा लावायचा आणि तोंड फिरवून निघून जायचं.

एका रविवारी मी यजमानांना म्हटलं, माहेरच्या देवीला जाऊन येते, माईंसाठी गाऱ्हाणं घालते. ते त्या दिवशी घरी होते. साखळीहून डिचोली, म्हापसा, पेडणे अशा बसगाड्या बदलत मी कोरगावला पोचले. भाऊ आणि भावजय देवळाकडेच आले. आमचा गुरव म्हातारा झाला होता. त्याने मला परकर-पोलक्याच्या वयात पाहिलं होतं. आमच्याकडे माणूस आपली अडचण गुरवाला सांगतो आणि गुरव ती देवीपुढे मोठ्याने मांडतो, तेच गाऱ्हाणं. प्रत्येक वाक्यानंतर जमलेले लोक "व्हय महाराजा" म्हणतात.

"कसला गाऱ्हाणां घालू गे?" त्याने विचारलं.

"सासूबाईंना बरं नाही. त्यांना बरं वाटू दे," मी म्हटलं.

त्याने नारळ ठेवला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. "बाये, माते, आज ही तुझी माहेरवाशीण तुझ्या पायांकडे इली आसा."

"व्हय महाराजा," भाऊ, भावजय आणि काजूच्या बागेतून येऊन टेकलेल्या दोन बाया म्हणाल्या.

"हिच्या सासूक बरां नाय."

"व्हय महाराजा."

पुढचं वाक्य त्याने आपल्या मनाने घातलं. मी ते सांगितलं नव्हतं. त्याला माझी कीर्ती भावाकडून कळली असणार. "ही सासूची आयशीसारखी सेवा करता, दिवस बघीत नाय, रात बघीत नाय..."

"व्हय महाराजा!" सगळ्यांनी जोरात म्हटलं. भावाचा आवाज सगळ्यांत मोठा होता. त्याला बहिणीचा अभिमान होता.

मला तिथे उभं राहता येईना. गाऱ्हाणं चालू असताना कुणी बाहेर जात नाही. मी गेले. देवळाच्या मागे तळी आहे, तिच्या पायरीवर जाऊन बसले. माझ्या पाठीमागे भावजय काहीतरी म्हणत होती, ते ऐकू आलं नाही.

थोड्या वेळाने गुरव एकटाच आला. हातात प्रसादाची केळी होती. तो माझ्यापासून दोन पायऱ्या वर बसला, गुडघे कुरकुरत.

"माझा काय चुकला गाऱ्हाण्यात?"

मी म्हटलं, "मी सासूला मारलं." हे पहिल्यांदाच तोंडातून बाहेर पडलं. मग सगळंच आलं, उत्तरपत्रिका, पट्टी, पुढे केलेला तळवा. मी त्याच्याकडे बघत नव्हते. पाण्यात शेवाळ होतं, त्याकडे बघून बोलत होते. माझं बोलून झालं. मला वाटलं, आता हा उठून जाईल. गावात सांगेल. सांगू दे, असंही वाटलं.

त्याने विचारलं, "सकाळपासून खाल्लंस काय?"

"नाही."

"उपास?"

"नाही. वेळ झाला नाही."

"मगे आधी ह्यां खा."

मला राग आला. मी एवढं सांगितलं आणि हा केळं पुढे करतोय. पण मी खाल्लं. एक, मग दुसरं. खाताना रडू आलं आणि घास घशात अडकला, त्याने तळीतलं नाही, आपल्या तांब्यातलं पाणी दिलं.

"देवीक सगळां ठावक आसा," तो म्हणाला. "पण मी तिच्यासमोर खोटा बोललंय, तां माका निस्तरूक व्हया. चल. आता गाऱ्हाणां तू घाल. मोठ्यान नको. तिका ऐकाक येयत इतक्याच."

भावाला आणि भावजयीला त्याने घरी पाठवून दिलं, हिला थोडा वेळ बसू दे म्हणून. मी गाभाऱ्यासमोर उभी राहिले. मी म्हटलं, "मी माईंना मारलं. मी पुन्हा मारीन अशी मला भीती वाटते." इथे मी थांबणार होते. पण आणखी एक वाक्य आलं, जे मी ठरवलं नव्हतं. "माझ्याने एकटीने होत नाही."

पाठीमागून गुरव एकटाच म्हणाला, "व्हय महाराजा."

त्या क्षणी मन शांत झालं, असं मी लिहिणार नाही. लाज तशीच होती. पण छातीतली धडधड, जी इतके दिवस एखाद्या यंत्रासारखी चालू होती, ती थोडी उतरली. बाहेर येताना गुरव म्हणाला, "देवीक सांगून भागाचा नाय. घरात सांग."

ते जास्त कठीण होतं. परतीच्या बसमध्ये मी वाक्यं जुळवत आले आणि घरी पोचल्यावर त्यातलं एकही आठवलं नाही. यजमान पडवीत माईंना चहा पाजत होते. मी चप्पल काढायच्या आधीच म्हटलं, "माईंचा हात दारात सापडला नव्हता. मी पट्टीने मारलं होतं."

त्यांनी कप खाली ठेवला, आईचा तळवा उलगडून बघितला. वळ कधीच गेले होते. ते उठून आत गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला तो अबोला बरा वाटला, निदान तो खरा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "साडेसहाला हांव घरांतल्यान भायर सरतां आणि सांजवेळार येतां. मदीं कितें जाता तें हांवें केन्नाच विचारलें ना." मधे घरात काय होतं ते कधी विचारलं नाही, एवढंच ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी वर्कशॉपमध्ये बोलून पाळी बदलून घेतली, सकाळी माईंना भरवणं, फिरवणं त्यांनी घेतलं. वाण्याच्या दुकानात जाऊन बहिणीला फोनही त्यांनीच केला. नणंद दुसऱ्या दिवशी म्हापशाहून आली. ती मला भरपूर बोलली, आणि ते मी ऐकून घेतलं. मारल्याबद्दल ती जितकं बोलली त्यापेक्षा जास्त, तिला इतके महिने नको म्हटल्याबद्दल बोलली. "ती तुझी एकटीची आय न्हय," ती म्हणाली. मग ती दर गुरुवारी येऊन शनिवारपर्यंत राहू लागली.

वयनीला मी सांगायला गेले तर ती भाजी चिरत होती. तिने विळीवरून मान वर केली नाही. "हांवें पळयल्लें," ती म्हणाली. तिने पाहिलं होतं. त्या दिवशी ती आपली विसरलेली छत्री घ्यायला मागच्या दाराने परत आली होती. "सांगपाक धीर जालो ना. तुका आडावपाक जाय आशिल्लें." सांगायचा धीर झाला नाही, मला अडवायला हवं होतं, असं तिचं म्हणणं. माझ्या कृत्याने तिलाही अपराधी करून ठेवलं होतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मग मी आरोग्य केंद्रात गेले आणि तिथेही सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई माझ्याहून वयाने लहान होत्या. त्यांनी रक्तदाब तपासला, रक्त तपासायला घेतलं आणि विचारलं, "तुम्ही बसून कधी जेवलात?" त्यांनी गोळ्या दिल्या, लोहाच्या आणि काही दिवस झोपेसाठी. आणि सांगितलं, रोज अर्धा तास फक्त स्वतःसाठी, आणि हात थरथरू लागले की त्या खोलीतून बाहेर पडायचं, माईंना एखादं मिनिट एकटं सोडावं लागलं तरी चालेल. मी म्हटलं, "मी जे केलंय त्यानंतर स्वतःचे लाड कसे करू?" त्या म्हणाल्या, "लाड नाहीत हे. तुम्ही पुन्हा तसं करू नये म्हणून आहे."

ते वाक्य घेऊन मी घरी आले. तरी पहिले कित्येक दिवस मला जेवणाचा पाट मांडून बसायची लाज वाटायची. यजमान वाढायचे आणि मी चोरासारखी जेवायचे. जेवल्यावर देवापुढे बसायचे. स्तोत्र म्हणायचं सोडून दिलं होतं. श्वास आत घेताना देवीचं नाव, बाहेर सोडताना नाव, इतकंच. मोजत नव्हते. मोजायला लागले की मी पुन्हा परीक्षेला बसल्यासारखी होते. मनात काय काय यायचं. त्या निळ्या पाण्याची बाल्दी सगळ्यांत जास्त. ती आली की मी तिला हाकलत नसे, बघायचे, आणि पुन्हा नावाकडे यायचे. शेवटी केस नीट विंचरून वेणी घालायचे. हे एवढंच होतं माझं अर्ध्या तासाचं. पण दोनेक महिन्यांनी फळ्यासमोर छाती धडधडायची थांबली.

शाळेतही मी हातात पट्टी घेणं सोडलं. त्याचं श्रेय मला नको. चौदा वर्षं मी मुलांचे तळवे पुढे करायला लावत होते, आणि म्हातारीचा तळवा पाहीपर्यंत मला ते तळवे दिसले नव्हते.

मुख्याध्यापिकांनाही मी खरं सांगितलं, पण फार उशिरा, शाळेचं वर्ष संपल्यावर. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विषय बदलला. स्टाफरूममधलं कौतुक त्यानंतर बंद झालं.

माघात एका सुट्टीच्या दिवशी यजमानांनी मित्राची गाडी मागून आणली आणि आम्ही माईंना नार्व्याला नेलं. त्या इतके महिने सांगत होत्या आणि आम्ही साखळीहून तासाभराच्या अंतरावर नेलं नव्हतं, कारण तिथे आता आई नाही, हे त्यांना पटवण्यात आम्ही आमची ताकद घालवत होतो. सप्तकोटेश्वराच्या देवळाकडे उतरलो. माईंनी चपला काढल्या आणि कुणाचा हात न धरता चालू लागल्या. नदीकडच्या शेतांत मिरची लावलेली होती. त्यांनी वळून यजमानांना सांगितलं, "हो आमचो वाठार." हा आमचा भाग, असं. मुलाला त्यांनी ओळखलं असावं.

देवळात तीर्थ घ्यायला सगळ्यांनी ओंजळ पुढे केली. माईंनी मात्र नाही. मी त्यांच्या शेजारीच होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि उजवा हात पदराखाली नेला. भटजी पळी धरून थांबले होते. मी माझ्या तळव्यावर तीर्थ घेतलं आणि त्यांच्या ओठांशी नेलं. त्या प्यायल्या. मग मी पुन्हा हात पुढे करून माझं घेतलं. भटजींना काही वेगळं वाटलं नसेल.

येताना माई गाडीत गाढ झोपल्या. घरी आल्यावर विचारू लागल्या, नार्व्याला केव्हा जायचं.

त्या पुढे दोन वर्षं जगल्या. मी त्यांना पुन्हा मारलं नाही. ओरडले, दोनदा. दोन्ही वेळा मागच्या अंगणात जाऊन पायांवर पाणी ओतून घेतलं, देवीचं नाव घेत उभी राहिले आणि परत आत येऊन त्यांच्याजवळ बसले. शेवटच्या महिन्यात त्या कुणालाच ओळखत नव्हत्या. तेव्हा हात पुढे येणंही थांबलं. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याचीही लाज वाटली. बाराव्याला जमलेले नातेवाईक माझ्या सेवेचं कौतुक बोललेच. नणंद माझ्या शेजारी बसली होती. तिने पदराआडून माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं, मी काही बोलून बसू नये म्हणून की मला आधार म्हणून, ते मी तिला कधी विचारलं नाही.

आता मी निवृत्त झाले आहे. मागच्या वर्षी माझ्या जुन्या शाळेतली एक तरुण शिक्षिका घरी आली. तिच्या सासूचं तसंच सुरू झालंय. ती हसत हसत सांगत होती, "सगळं जमतंय हो बाई, मी करते मॅनेज." तिचे केस विस्कटलेले होते आणि चहाच्या कपाखाली बशी वाजत होती. मी तिला माझी गोष्ट सांगितली, काही न वगळता. पट्टीचं सांगितलं तेव्हा तिने कप खाली ठेवला. चहा अर्धा होता. काहीतरी काम आठवलं म्हणाली आणि गेली. मी दारात उभी राहून तिला वळणापर्यंत जाताना बघितलं. मला वाटलं, ही आता रस्त्यात दिसली तर दुसऱ्या बाजूने जाईल. गेलीही, दोन-तीन आठवडे.

मग एके दिवशी तिचा फोन आला. तिने गोष्टीचा उल्लेख केला नाही. विचारलं, "मंगळवारी तुम्हाला वेळ असतो का? दोन तास सासूबाईंजवळ बसाल? मला जरा झोपायचंय."

मंगळवारी मी जाते. ती शेजारच्या खोलीत दार लोटून झोपते. मी म्हातारीजवळ बसते, आधी घरून जेवून जाते. त्या मला विचारतात, तू कोण? मी सांगते, शेजारीण. त्या म्हणतात, बस.